अक्षर बारीक का झालं?



आजच्या सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘मनोविकार आणि हस्ताक्षर’ असा छापून आला आणि त्याचा परिणाम मला दारातच दिसला. दोघातिघांनी सह्या केलेले कागद माझ्या हातात ठेवले. एका ताईंनी होणाऱ्या जावयाची सही आणली आहे. त्यांची निराशा आधीच करून टाकतो. सहीखाली रेघ मारणारा गर्विष्ठ, उजवीकडे झुकलेलं अक्षर म्हणजे मनमिळाऊ, असल्या गोष्टींवर रविवारच्या पुरवण्या भरतात. त्यांना शास्त्राचा आधार नाही. जावई कसा आहे हे पाहायचं तर त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. मला बोलायचं आहे ते अक्षर काढणाऱ्या हाताबद्दल: तो किती वेगाने चालतो, कुठे अडतो, किती जोर लावतो.

माझं म्हणणं तीन वाक्यांत मावतं. गंभीर मनोविकारावरच्या औषधांनी रुग्णाचा हात जखडायला लागतो, तेव्हा ते बहुतेक वेळा आधी त्याच्या लिहिण्यात उमटतं. डॉक्टरला आणि घरच्यांना ते नंतर दिसतं. आणि ते पाहायला एक कोरा कागद नि एक पेन पुरतं. तरी आपल्याकडे तो कागद सहसा कुणी पुढे करत नाही. का करत नाही, याचं उत्तर फारसं सुखाचं नाही. वेडसर माणूस गप्प बसला की आपलं सगळ्यांचं समाधान होतं. तो का गप्प बसला, हे मग कुणी विचारत नाही.

हा विषय कर्जतमध्ये मांडायला सबळ कारण आहे. इथून जवळ वेणगाव आहे. सत्तावन्नच्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं जन्मगाव म्हणून तुम्ही ते ओळखता. आता त्या गावाची आणखी एक ओळख झाली आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये मुंबईत श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं. २००६ पासून संस्थेचं मोठं केंद्र वेणगावला आहे. रस्त्यावर भटकणारे बेवारस मनोरुग्ण आणायचे, उपचार करायचे, गावाचं नाव सांगू लागले की घरी पोहोचवायचे, असं हे काम. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून जास्त माणसं अशी घरी गेली होती.

सुरुवातीची गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली आहे. बोरिवलीत एका हॉटेलात हे दोघे बसले असताना समोर रस्त्यावर एक हडकुळा तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना त्यांना दिसला. त्याला आणलं, उपचार केले. तो बोलायला लागला तेव्हा कळलं, की पोरगा आंध्रचा, पदवीधर, वैद्यकीय प्रयोगशाळेचा डिप्लोमा झालेला. वडील जिल्हा परिषदेत अधिकारी. पुढे असाच रस्त्यावर सापडलेला एक जण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारा निघाला. तो बरा झाल्यावर चित्रकार मंडळींनी आपली चित्रं देऊन संस्थेच्या मदतीसाठी प्रदर्शन भरवलं.

या दोन गोष्टी ऐकल्या की बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या मनात त्याबरोबर दुसराच विचार येतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला काचेची नळी स्थिर धरावी लागते, चित्रकाराला कुंचला. भ्रम गेले, आवाज ऐकू येणं थांबलं, आईवडील ओळखू यायला लागले, एवढ्याने असा माणूस कामाला लागत नाही. हातही परत यावा लागतो. आणि हात परत येणं पुष्कळदा औषधाच्या मात्रेवर अवलंबून असतं.

ही औषधं आली कुठून, ते जरा सांगतो, कारण त्या कथेत आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे आणि तो आपण विसरलो आहोत. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि झोप न येण्यावर जुनं औषध आहे. बिहारकडे तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर वैद्यकीय निबंध लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापले आणि साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिझर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. त्याच १९५२ मध्ये पॅरिसला देले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं. १९५७ चं लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळालं त्यांत क्लाइन आणि देनिकेर यांच्या बरोबरीने आपले वकील आहेत. १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. ते आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळतं, स्वस्त आहे आणि उत्तम काम करतं.

पण या औषधांबरोबर एक गोष्ट लगेच डॉक्टरांच्या लक्षात आली. रुग्णांचे भ्रम ओसरत, आणि त्यांचे चेहरे लाकडासारखे होत. चाल बारीक पावलांची, हात शरीराला चिकटलेले, बोटांना कंप. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेला म्हातारपणाचा कंपवात आता पंचविशीतल्या पोरांत दिसू लागला. का, याचा उलगडा स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी केला. १९५७ मध्ये त्यांनी सशांना रिझर्पिन दिलं. ससे जागच्या जागी निपचित झाले. मग एल-डोपा टोचलं. ससे उठून बसले. मेंदूत हालचाल सुरू करून देणारं डोपामिन नावाचं द्रव्य रिझर्पिनने संपवलं होतं, एल-डोपाने ते भरून काढलं. या संशोधनमालेबद्दल त्यांना २००० चं नोबेल मिळालं. आता गंमत पाहा. हेच एल-डोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच एका भारतीय शेंगेच्या बियांतून वेगळं काढलं होतं. ती शेंग म्हणजे आपली खाजकुइरी. माथेरानच्या पायथ्याला कुंपणाकुंपणावर चढलेली असते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत दुसऱ्याच्या पाठीवर टाकलीही असेल. म्हणून कुणी उद्या बिया वाटून भावाला देऊ नका. ज्याचे भ्रम या औषधांनी डोपामिन अडवून थांबवले आहेत, त्याला डोपामिन वाढवणारं काही दिलं की भ्रम परत येऊ शकतात.

अडचण नेमकी इथे आहे. जे द्रव्य अडवल्याने आवाज थांबतात तेच अडवल्याने हात अडतो. प्रश्न उरतो किती अडवायचं याचा. टोरांटोत शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेऊन हे मोजलं. २००० मध्ये ते प्रसिद्ध झालं. मेंदूत डोपामिन स्वीकारणारी सुमारे ६५ टक्के दारं बंद झाली की भ्रम ओसरण्याची शक्यता चांगली वाढते. ७८ टक्क्यांच्या वर गेलं की शरीर आखडायची शक्यता वाढते. मधली पट्टी अरुंद आहे आणि एकच गोळी कुणाला त्या पट्टीच्या अलीकडे ठेवते, कुणाला पलीकडे नेते. ही मेंदूची चित्रं काढणारी यंत्रं काही खालापूरला येणार नाहीत.

कागद इथे कामाला येतो, आणि तो कामाला येऊन सत्तरेक वर्षं झाली. जर्मनीत हान्स-योआखिम हासे नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन नवीन असताना ते रुग्णांकडून तोच मजकूर पुन्हा पुन्हा लिहून घेत आणि कागद शेजारी शेजारी ठेवून बघत. औषध वाढवत गेलं की एका टप्प्यावर अक्षर बारीक आणि आखडलेलं होऊ लागे. तोवर चालण्यात, चेहऱ्यात काही दिसत नसे. हासेंचं म्हणणं असं, की हा टप्पा आला म्हणजे मात्रा पुरेशी झाली. इथून पुढे वाढवलं तर हातपाय ताठतील, मनाला जास्तीचा फायदा होणार नाही.

त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढची तीस वर्षं जगभर मात्रा चढत गेल्या. हॅलोपेरिडॉल दिवसाला वीस, तीस, चाळीस मिलिग्रॅम देणं नवलाचं राहिलं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत मॅकएव्हॉय आणि सहकाऱ्यांनी हासेंची कल्पना रीतसर तपासली. हात अगदी किंचित आखडायला लागेल एवढीच मात्रा शोधायची. ती सरासरी निघाली दिवसाला ३.७ मिलिग्रॅम. बहुतेक रुग्णांना तेवढ्यात गुण आला. काहींची मात्रा पुढे बरीच वाढवूनही भ्रमांवर जास्त परिणाम झाला नाही. त्रास मात्र वाढला. ३.७ आणि ३० यांच्यामधलं अंतर ज्यांनी अंगावर काढलं, त्यातली पुष्कळ माणसं आज साठीत आहेत. त्यांतल्या कुणाची जीभ अजून तोंडात वळवळत असते, कुणाचा जबडा रवंथ केल्यासारखा चालतो. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांत दर वर्षी साधारण पाच टक्क्यांना तो सुरू होतो, आणि औषध बंद केल्यावर जाईलच असं नाही.

आता आपल्या दवाखान्यात या. घरचे काय सांगतात? “डॉक्टर, लय बरा आहे आता. एका जागी बसून असतो.” “शिव्या देत नाही, भांडत नाही.” आणि जाता जाता, दाराशी वळून: “लाळ तेवढी गळते. पाय ओढत चालतो.” कधी उलट: “बसवतच नाही त्याला. सारख्या येरझारा. रात्रभर पडवीत फिरतो.” या येरझाऱ्यांना अकॅथिजिया म्हणतात. आतून अशी तगमग होते की काही रुग्ण त्यापायी जीव द्यायला निघतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरला वाटतं आजार वाढला, आणि गोळी वाढते. तपासणीचे ठराविक तक्ते आहेत: ताठरपणासाठी सिम्पसन-अँगस, तोंडाच्या हालचालींसाठी एम्स, येरझाऱ्यांसाठी बार्न्स. चांगले आहेत. पण ते डॉक्टरच्या नजरेवर चालतात आणि चाळीस रुग्णांच्या रांगेत ते भरायला वेळ नसतो. शिवाय जे नजरेला दिसण्याइतकं झालं आहे तेच त्यांत येतं.

माझ्याकडे खालापूर तालुक्यातले एक गृहस्थ येतात. कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. स्किझोफ्रेनियामुळे नोकरी गेली, पुढे उपचारांनी सावरले. त्यांना बँकेने दोनदा परत पाठवलं. सही जुळत नव्हती. त्यांनी पैसे काढायची स्लिप मला दाखवली आणि तिच्याशेजारी जुनं पासबुक. पासबुकातली सही चांगली दीड इंच लांब, आडनावातल्या ‘र’ ला ऐटीत ओढलेली शेपटी, आणि शेवटी दोन टिंबं. स्लिपवरची सही तिच्या निम्म्याहून कमी. पहिलं अक्षर बरं, मग प्रत्येक अक्षर आधीच्याहून लहान, आडनावाचा शेवट एका गाठीत मिटलेला. शेपटी नव्हतीच. टिंबं होती, पण एकावर एक पडलेली. हात तपासला तर कोपरात जेमतेम अडखळ होती. कंप नव्हता, चाल ठीक. काउंटरवरच्या मुलीने नियमाला धरून काम केलं होतं, आणि तिच्या हातून निदान झालं होतं. आम्ही गोळी हळूहळू कमी केली. सही बरीचशी मोठी झाली. शेपटी मात्र आली नाही. शेवटी त्यांनी बँकेत नमुना-सहीच बदलून घेतली.

अक्षरं लहान होत जाण्याला मायक्रोग्राफिया हे नाव प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १९०३ मध्ये दिलं. पण लहान होणं हा झाला ढोबळ भाग. हालचालीचा खरा तपशील कागदावरच्या अक्षरात दिसत नाही, तो अक्षर होत असताना पकडावा लागतो. सवयीने लिहिणारा माणूस ‘ल’ चा एक फाटा काढतो तेव्हा त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात डोळ्यांनी पाहून हात सुधारणं शक्य नसतं. भाताच्या शेतावर पाखरं हाकताना गोफणीतून सुटलेला दगड जसा वाटेत वळवता येत नाही, तसा तो फाटा एकदा सुटला की सुटला. त्याची दिशा नि जोर मेंदू आधीच ठरवून ठेवतो. वेगाचा आलेख काढला तर एकच चढ आणि एकच उतार दिसतो. डोपामिन कमी पडलं की हा एक झोका तुटतो. हात एका दमात जायच्या जागी तीन-चार लहान हिसक्यांनी तीच रेघ पुरी करतो. कागदावर ती रेघ तुम्हाआम्हाला सरळच दिसते.

हे पकडायला अंकीय पाटी लागते. चित्रकार लोक संगणकाला जोडून वापरतात तसली. पेनाचं टोक सेकंदाला शे-दोनशे वेळा कुठे आहे आणि किती दाबलं आहे, हे ती टिपते. नेदरलँड्सहून अमेरिकेत गेलेल्या हान्स-लिओ ट्युलिंग्ज यांनी त्यासाठी संगणक-प्रणाली केली आणि सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या मायकल कॅलिज्युरी यांच्याबरोबर ती मनोरुग्णांवर वापरली. रुग्णाने करायचं काय, तर एकमेकांत गुंतलेली वेटोळी काढायची, लहान, मोठी, सावकाश, जलद. औषधाने ताठलेल्यांचे फाटे हळू आणि लहान निघतात. ज्यांच्यात नको असलेल्या हालचाली आहेत त्यांचे फाटे खडबडीत, म्हणजे वेगाच्या आलेखावर नको तितके चढउतार. नव्या पिढीच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांवरही हे फरक सापडले. नवी औषधं निर्धोक आहेत असं आपण समजून चाललो होतो, त्याला हा धक्काच होता.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर मी सगळा दोष औषधावर टाकतोय असं वाटेल. हालचालींचा बिघाड मनोविकारात औषधं येण्याआधीपासून आहे. कार्ल काल्बाउम यांनी १८७४ मध्ये कॅटाटोनिया या अवस्थेवर पुस्तक लिहिलं: रुग्ण तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा, हात वर केला तर वरच. तेव्हा क्लोरप्रोमाझिन यायला पाऊणशे वर्षं होती. एमिल क्रेपेलिन, आजच्या मनोविकार-वर्गीकरणाचे जनक म्हणतात ते, यांनी हायडेलबर्गला लिहिण्याचा तराजू बनवला होता. कागद तराजूच्या पट्टीवर ठेवायचा, लिहिताना पेनाचा दाब किती पडतो त्याची नोंद आपोआप व्हायची. त्यांचे शिष्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरोग्यांची नि मनोरुग्णांची अक्षरं त्यावर पडताळत. आजही ज्यांनी एकही गोळी घेतलेली नाही अशा रुग्णांत सूक्ष्म अडखळ सापडते. म्हणजे आजाराचा हात आणि औषधाचा हात एकाच कागदावर लिहीत असतात. ते वेगळे काढायचे तर औषधाआधीचा कागद पाहिजे.

आणि वेणगावसारख्या ठिकाणी तोच नसतो. रस्त्यावरून आणलेल्या माणसाच्या खिशात जुनी वही कुठली? पहिल्या दिवशी तो पेन हातात घेत नाही. घेतलं तर फेकतो, नाहीतर कागदभर गिरगटतो. माझं मत असं, की ते गिरगटणंही तारीख घालून जपून ठेवावं. त्यात वेग असतो, दाब असतो, हात किती लांब जातो ते असतं. आणि माणूस घरी पोहोचला की घरच्यांकडे जुनं पत्र, अर्ज, शाळेची वही मागावी. फोनवर फोटो मागवला तरी चालतो.

मग आपल्या भागात लिहायला काय द्यायचं? पाश्चात्त्यांची वेटोळी जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांवरून आलेली आहेत. तिथे हात कागदावरून न उचलता सरळ पुढे जातो. देवनागरीत आपण उचल-टेक करतो, अक्षरं काढून झाली की वरून रेघ मारतो. मोडीत आधी पानभर रेघा मारून ठेवत आणि मग त्यांना अक्षरं लटकवत, हात न उचलता, भराभर. पेशवे दफ्तरातल्या कारकुनांच्या हाताची तपासणी या पाटीवर करायला मला फार आवडलं असतं. देवनागरीसाठी मी ‘ळ’ ची रांग लिहून घेतो. त्यात दोन वेटोळी आहेत, दोन्ही हाताला वेगवेगळ्या दिशेने वळवतात. मग नाव आणि गाव, तीनदा. मग शिरोरेघेसारखी एक लांब आडवी रेघ, मनगट न टेकता. वेणगावला येणारी माणसं कुणी बंगाली लिहील, कुणी तेलुगू, कुणी ओडिया. त्यांना त्यांच्या लिपीतच लिहू द्यावं. आणि ज्यांना लिहिता येत नाही, ते आपल्या ठाकरवाड्या-कातकरवाड्यांत कमी नाहीत, त्यांना आतून बाहेर जाणारी गोगलगायीची गुंडाळी काढायला सांगायची. कंपवाताच्या तपासणीत ती जगभर वापरतात. बायकांना पेनापेक्षा रांगोळी जवळची वाटत असेल, तर रांगोळीची रेघ बघावी. चिमटीतून पीठ सलग सुटतंय की तुटक, ते सांगायला पाटी लागत नाही.

एक पथ्य आहे, ते फार थोडे लोक पाळतात. कागद कोरा पाहिजे. दुरेघी वहीवर लिहायला दिलं की अक्षर आपोआप मोठं होतं. रेघांचा आधार डोळ्यांना मिळाला की ताठलेला हातही त्या मापात लिहू शकतो. पार्किन्सनच्या रुग्णांना रेघांचा कागद द्यायचा उपचार याच तत्त्वावर आहे. दवाखान्यात हाताशी असते ती मुलांची दुरेघी वही. तिच्यावर तपासणी केली तर सगळेच निरोगी निघतील.

बारीक अक्षर म्हणजे गोळी जास्त झाली, असं सरधोपट मानायचं नाही. दुसरी कारणंही असतात: वय, सांधेदुखी, कारखान्यात चेपलेलं बोट, मधुमेहाने बधिर झालेला हात, दारू, चष्मा, आणि सवयच नसणं. आपल्यातले किती जण आता सहीखेरीज काही लिहितात? लिथियमचा कंप वेगळा, बारीक आणि जलद. पार्किन्सनसारखा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा, सावकाश. दोन्ही गुंडाळीत वेगवेगळे उमटतात. कंपावर ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी सरसकट जोडून दिली जाते. तिने हात सुटतो, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, विसरायला होतं. पुष्कळ ठिकाणी आधीची गोळी कमी करून पाहायच्या जागी ही दुसरी गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. अक्षर बिघडायची कारणं अशी माणसागणिक वेगळी, म्हणून एका माणसाचा कागद दुसऱ्याच्या कागदाशी ताडून पाहू नये. त्याचा मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा, एवढीच तुलना करावी. मोजपट्टीने अक्षराची उंची मोजली, घड्याळ लावून तीन ओळींना किती सेकंद लागले ते लिहून ठेवलं, तरी हासेंच्या वेळचं काम झालं. पाटी मिळाली तर फारच उत्तम.

माझे समव्यवसायी म्हणतात, वेळ कुठे आहे? त्यांचं खरं आहे. पण हे काम डॉक्टरने करायचं नाही. रांगेत बसलेला माणूस तासभर बसलेलाच असतो. बाहेर एक टेबल, कागदांची चळत आणि पोस्टात असतं तसं दोरीला बांधलेलं पेन ठेवा. सिस्टर नाहीतर कंपाउंडर वेळ लावील. अलिबागला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. कर्जत किंवा खालापूरच्या रुग्णाला अलिबागपेक्षा कल्याण आणि पनवेल सोयीचं पडतं, त्यामुळे तो आज इथे, उद्या तिथे दाखवतो, आणि आधीच्या मात्रेचा पत्ता नव्या डॉक्टरला नसतो. असे कागद त्याच्या पिशवीत असले तर नव्या डॉक्टरला निदान दिसेल, की श्रावणात हा असा लिहीत होता, दिवाळीनंतर असा.

याचा शेवटचा दुवा रस्त्याशी आहे. रुग्ण औषध सोडतात त्याचं एक मोठं कारण हे आखडणं. ‘गोळीने पोराचा दगड झाला’ म्हणून आई गुपचूप गोळी बंद करते. काही महिने बरे जातात. मग आवाज येऊ लागतात आणि मुलगा एक दिवस मिळेल त्या गाडीत बसतो. कर्जत जंक्शन आहे. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत ती इथे थांबते, आणि कुणीतरी उतरून चालू लागतो. तो कुठल्या गावाहून निघाला, ते शोधायला वाटवानींच्या माणसांना मग महिने लागतात. त्या आईचं म्हणणं वेळेवर कागदावर आलं असतं तर गोळी बंद करायच्या ऐवजी कमी करता आली असती. इथे कुणाच्या घरी अशी परिस्थिती असेल तर त्यांना हात जोडून सांगतो, गोळी आपल्या मनाने एकदम थांबवू नका. लिहिलेला कागद घेऊन या आणि मात्रेबद्दल विचारा.

विचारायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २२ प्रमाणे आजार काय, उपचार कोणता आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. कलम २५ प्रमाणे आपले वैद्यकीय कागद त्याला पाहायला मिळाले पाहिजेत. ‘ळ’ च्या त्या रांगाही त्यातच येतात. त्याने मागितल्या तर नक्कल द्यायची, आणि अक्षर कुठे बारीक झालं तेही दाखवायचं. मी दाखवतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, हे मला केव्हाच कळलं होतं.

वेळ झाली. जावयाच्या सहीखेरीज दुसरे प्रश्न असतील तर घेऊ या.